भूल दिलेल्या लेकराचं अंग गार का पडतं?

मुलाच्या ऑपरेशनआधी आईबाबांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. भूल झेपेल का, शुद्धीवर कधी येईल, रक्त लागेल का, दूध कधी पाजायचं. ताप येईल का, हेही विचारतात. अंग गार पडेल का, असं मात्र क्वचितच कुणी विचारतं. खरं तर ऑपरेशन थिएटरात ताप चढण्यापेक्षा अंग गार पडण्याचा धोका कितीतरी नेहमीचा आहे, आणि मूल जितकं लहान तितका तो मोठा. यातला बराचसा धोका टाळता येतो. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी महागड्या यंत्रांपेक्षा वेळेवर दिलेल्या लक्षाच्या जास्त आहेत, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

हृदय, मेंदू, यकृत जिथे असतात त्या शरीराच्या आतल्या भागाचं तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. ऑपरेशनच्या काळात ते ३६ च्या खाली उतरलं की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. नवजात बाळासाठी जागतिक आरोग्य संघटनेची रेघ आणखी वर आहे. ३६.५ ते ३७.५ ठीक, ३६.५ च्या खाली गेलं की बाळ गारठायला लागलं असं समजायचं. बाहेरच्या हवेत एका अंशाचा फरक आपल्याला जाणवतही नाही. शरीराच्या आत तोच एक अंश फार मोठा असतो.

थिएटरचा एसी हे अर्धंच कारण

थिएटर थंड असतं म्हणून अंग गार पडतं, असा सर्वसाधारण समज आहे. थिएटर थंड असतं हे खरंच. सर्जन आणि सिस्टर तासन् तास गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे घालून मोठ्या दिव्याखाली उभे असतात. त्यांचा घाम जखमेत पडून चालत नाही, म्हणून मोठ्यांच्या ऑपरेशनला खोली साधारण २१ अंशांच्या आसपास ठेवतात. पण २१ अंशांत आपण घरी झोपतोच की. पांघरूण घेतो आणि सकाळी ठणठणीत उठतो. थिएटरात फरक पडतो तो भुलीमुळे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग आहे. शरीराच्या तापमानावर लक्ष ठेवणं हे त्याचं एक काम. जागेपणी तो इतका काटेकोर असतो की ०.२ अंशांच्या आसपासची तफावतही खपवून घेत नाही. जरा गार वाटलं की हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि आतली ऊब आतच राहते. त्यानं भागलं नाही तर हुडहुडी भरते. आणि त्याही आधी आपण स्वतः उठून चादर ओढून घेतो. पूर्ण भूल दिली की चादर ओढणं थांबतंच, शिवाय हायपोथॅलॅमसही ढिला पडतो. ०.२ अंशांची तफावत न खपवणारा तो भाग आता २ ते ४ अंशांची घसरण होईपर्यंत काही करत नाही. शरीरात तयार होणारी उष्णताही भुलीत सुमारे एक तृतीयांशानं घटते.

याहून महत्त्वाची गोष्ट पहिल्या तासात घडते. भुलीच्या औषधांनी रक्तवाहिन्या सैल होतात. आतलं गरम रक्त हातापायांकडे वाहू लागतं आणि तिथलं गार रक्त आत येतं. म्हणजे शरीराबाहेर फारशी उष्णता गेलेली नसतानाही आतलं तापमान उतरतं. मोठ्या माणसात ही घसरण पहिल्या तासाभरात १ ते १.५ अंश असते. त्यानंतर दोन-तीन तास तापमान हळूहळू उतरत राहतं आणि मग एका पातळीवर थांबतं. पाठीच्या मणक्यातून कमरेखालचा भाग बधिर केला तर तिथल्या रक्तवाहिन्याही अशाच सैल होतात, म्हणून 'पूर्ण भूल नाही' याचा अर्थ 'गार पडणार नाही' असा होत नाही.

सर्जनने चाकू हातात घेण्याआधीच बरीच घसरण होऊन गेलेली असते, हे यातून लक्षात यावं. अंग गार पडल्यावर गरम करायला घेणं म्हणजे उशीर झालेला असतो. मुलाला भूल देण्याआधी आणि दिल्यानंतरच्या काही मिनिटांत काय केलं, यावर पुढचं बरंच ठरतं.

बाळांचं गणित वेगळं

नवजात बाळाचे हातपाय शरीराच्या मानाने लहान असतात, त्यामुळे रक्ताच्या अदलाबदलीतून होणारी पहिली घसरण त्यांच्यात कमी असते. पुढची मात्र फार वेगानं होते. वाटीभर वरण आणि पातेलंभर वरण एकाच वेळी गॅसवरून उतरवलं तर आधी काय निवतं, हे घरातल्या कुणालाही ठाऊक असतं. ७० किलोच्या माणसाची त्वचा साधारण १.८ चौरस मीटर भरते, ३ किलोच्या बाळाची सुमारे ०.२. म्हणजे दर किलो वजनामागे बाळाची त्वचा मोठ्या माणसाच्या अडीचपट आहे, आणि उष्णता जाते ती त्वचेवरूनच. त्यात बाळाचं डोकं एकूण अंगाच्या जवळजवळ एक पंचमांश. कातडीखाली चरबी कमी. दिवस पूर्ण न होता जन्मलेल्या बाळाची कातडी तर इतकी पातळ की तिच्यातून ओल सतत उडून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात एक तुलना दिली आहे: नुकतंच जन्मलेलं उघडं बाळ २३ अंशांच्या खोलीत जितकी उष्णता गमावतं, तितकी उघडा मोठा माणूस शून्य अंशात गमावतो.

नवजात बाळाला नीट हुडहुडीही भरत नाही. त्याऐवजी निसर्गानं त्याला तपकिरी चरबी दिली आहे. दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मानेभोवती, मूत्रपिंडांजवळ ती असते, आणि थंडी वाजली की ती जळून थेट उष्णता देते. भुलीचे वायू नेमकं हेच काम दाबून टाकतात. म्हणजे बाळाकडे जो एकुलता उपाय होता तोही भुलीत गेला.

पाणी आणि रक्ताचा हिशोब मला सगळ्यात बोलका वाटतो. एक मिलिलिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता लागते. ३ किलोच्या बाळाचं तापमान एक अंशानं उतरायला अडीच किलोकॅलरीच्या आसपास उष्णता जावी लागते. आता ऑपरेशनआधी अंग पुसायला वापरलेल्या द्रावातलं चमचाभर, म्हणजे ५ मिलि, पाणी बाळाच्या अंगावर वाळलं आणि वाळायला लागणारी सगळी उष्णता अंगातूनच ओढली गेली, तर जवळजवळ तीन किलोकॅलरी गेल्या. एका अंशाहून जास्त. एक चमचा पाण्यानं!

रक्ताचं तसंच. रक्तपेढीतली पिशवी ४ अंशांच्या आसपास ठेवलेली असते. या बाळाला ६० मिलि रक्त तसंच थंड चढवलं तर तापमान पाऊण अंशानं खाली येतं. खोलीच्या तापमानाचं तेवढंच सलाईन दिलं तर पाऊण नाही, पण ०.४ अंशाच्या जवळपास. ७० किलोच्या माणसाला त्याच ६० मिलिनं काही कळतही नाही. मोठ्यांच्या थिएटरात जी सवय चालून जाते, ती बाळाच्या टेबलावर चालत नाही, ती अशी.

याशिवाय उष्णता सगळ्यात जास्त जाते ती आसपासच्या थंड भिंती आणि छताकडे, मध्ये काही स्पर्श नसतानाही. उघड्या अंगावरून फिरणारी हवा काही ओढून नेते. थंड गादी थोडी नेते. पोट उघडून आतडी बाहेर काढली असतील तर त्यांच्या ओल्या पृष्ठभागावरून ओल उडत राहते, ती वेगळीच.

गार पडलं तर बिघडतं काय

रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांचं आणि प्लेटलेटचं काम थंडीत मंदावतं, त्यामुळे जखम जास्त वाहते. यकृत औषधं हळू मोडतं. स्नायू सैल करणारं व्हेक्युरोनियम हे औषध २ अंश गार पडलेल्या शरीरात दुपटीच्या आसपास वेळ टिकतं. मूल उशिरा जागं होतं, श्वास उथळ राहतो, व्हेंटिलेटर काढायला वेळ लागतो. नवजात बाळाचं आणखी बिनसतं. गारठा घालवायला त्याचं शरीर जास्त प्राणवायू आणि जास्त साखर वापरू लागतं. साखर उतरते, रक्तात आम्ल साठतं, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आवळतात, प्राणवायू आणखी कमी पडतो. मध्येच श्वास थांबण्याचे प्रकारही होतात. एक गोष्ट दुसरीला ओढते, आणि त्या अवस्थेतल्या बाळाला परत वर आणणं सोपं नसतं.

पुराव्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. १९९६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेले २०० मोठे रुग्ण त्यात होते. ज्यांना गार पडू दिलं त्यांच्यापैकी १९ टक्क्यांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. ज्यांना गरम ठेवलं त्यांच्यापैकी ६ टक्क्यांच्या. पुढे २०२२ साली पाच हजारांहून जास्त मोठ्या रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात एका गटाला ३५.५ अंशांवर आणि दुसऱ्याला ३७ अंशांवर ठेवलं होतं, आणि महिनाभरातल्या गुंतागुंतींत फरक आढळला नाही. याचा अर्थ ऊब राखणं व्यर्थ आहे असा काही जण लावतात. मला तो चुकीचा वाटतो. त्या अभ्यासात दोन्ही गटांचं तापमान मोजून सांभाळलेलं होतं, कुणालाही मनमानी घसरू दिलं नव्हतं, आणि सगळे रुग्ण प्रौढ होते. मोठ्या माणसाचं ३५.८ दिसलं तर घाबरू नका, एवढं त्यातून जरूर घ्यावं. दोन किलोच्या बाळाला तो निष्कर्ष लावता येत नाही. बाळांबद्दल आपल्याला खूप आधीपासून माहीत आहे. १९५८ साली अमेरिकेत विल्यम सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की जरा जास्त गरम पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) ठेवलेली, दिवस न भरता जन्मलेली बाळं स्पष्टपणे जास्त जगतात. तो अभ्यास ऑपरेशनचा नव्हता. पण इतक्या छोट्या जीवाला दोन-तीन अंशांचं काय मोल आहे, ते त्यानं दाखवलं.

इथे एखाद्याला प्रश्न पडेल की हृदयाच्या काही ऑपरेशनांत मुलांना मुद्दाम थंड करतात ना? करतात. गुंतागुंतीच्या काही ऑपरेशनांत रक्ताभिसरण काही वेळ थांबवण्यासाठी शरीर १८ ते २० अंशांपर्यंतही नेतात. जन्मताना गुदमरलेल्या, दिवस भरलेल्या बाळाचा मेंदू वाचवण्यासाठी त्याला ७२ तास ३३ ते ३४ अंशांवर ठेवतात. ते ठरवून, यंत्रावर, क्षणोक्षणी मोजत केलेले उपचार आहेत. हर्नियाच्या ऑपरेशनात नकळत ३४.५ वर उतरलेलं बाळ ही अगदी वेगळी गोष्ट.

ऊब राखायची कशी

सुरुवात वॉर्डातून. मूल थिएटरच्या दाराशी कोमट, कोरडं आणि झाकलेलं पोचलं पाहिजे. पहाटे अंघोळ घालून ओल्या केसांनी, एका पातळ गाऊनवर, बाहेरच्या बाकावर तासभर ताटकळलेलं मूल भूल देण्याआधीच हातपाय गार करून बसतं. हातपाय गार असले की भुलीनंतर आत येणारं रक्तही तितकंच गार. म्हणून भुलीआधी थोडा वेळ गरम हवेच्या पांघरुणात ठेवण्याची पद्धत आली. ते पांघरूण मिळालं नाही तरी कानटोपी, मोजे, दुपटं आणि आईची मांडी यांनी बरंच साधतं.

खोली आधी गरम करायला हवी. नवजात बाळ येणार असेल तर २६ अंश किंवा त्याहून वर. एसी बंद केल्याबरोबर भिंती गरम होत नाहीत, आणि उष्णता भिंतींकडेच जाते हे वर सांगितलंच. म्हणून बाळ आत यायच्या बरंच आधी ते बटण फिरवावं लागतं. सर्जनला घाम येतो, गैरसोय होते. बाळ झाकून झालं, गरम हवा सुरू झाली की खोली थोडी थंड करता येते. पण पहिला अर्धा तास गैरसोय मोठ्यांनी सोसावी, असं माझं ठाम मत आहे.

टेबलावर बाळाखाली घालायची गरम हवेची गादी हा आजचा सर्वात उपयोगी उपाय. एक यंत्र गरम हवा कागदी किंवा कापडी गादीत सोडतं आणि ती बारीक छिद्रांतून अंगाभोवती पसरते. यंत्राची नळी गादीला न जोडता नुसती पांघरुणाखाली सरकवणं धोक्याचं आहे, त्यानं मुलं भाजली आहेत. दिवस न भरता जन्मलेल्या बाळाचं अंग स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात, म्हणजे ओल उडत नाही आणि अंगही दिसत राहतं. डोक्याला टोपी. अंग पुसायचा द्राव कोमट, आणि पाठीखाली साचलेला लगेच टिपायचा. रक्त आणि सलाईन गरम करणाऱ्या यंत्रातून. मात्र नळी लांब असेल आणि थेंब हळू पडत असतील तर गरम केलेलं पाणी बाळापर्यंत पोचेतो पुन्हा गार होतं, म्हणून यंत्र बाळाच्या जवळ हवं. पोट धुवायचं सलाईन ३८ ते ४० अंशांचं. भुलीच्या नळीत ऊब आणि ओल धरून ठेवणारा छोटा फिल्टर.

एक गोष्ट तळमळीनं सांगायची आहे. गरम पाण्यानं भरलेले हातमोजे किंवा गरम केलेल्या सलाईनच्या बाटल्या बाळाच्या अंगाला लावून ठेवण्याची सवय अजून अनेक ठिकाणी आहे. हेतू चांगला असतो. पण भुलीतलं बाळ चटका बसला तरी हात झटकत नाही, रडत नाही. पातळ कातडी काही मिनिटांत भाजते आणि पत्ता लागतो कापड काढल्यावर. शिवाय ती बाटली थोड्या वेळात गार झाली की उलट अंगातलीच उष्णता ओढते. ही सवय थांबायला हवी.

मोजल्याशिवाय काहीच कळत नाही

वरचं सगळं आंधळेपणानं करून चालत नाही. मुलं जितकी लवकर गार पडतात, तितकीच लवकर तापतातही. दुभंगलेल्या ओठाच्या ऑपरेशनात फक्त तोंड उघडं असतं, बाकी सगळं अंग कापडांखाली. तिथे गरम हवा पहिल्या तासासारखीच पुढेही चालू ठेवली तर मूल ३८ च्या पुढे जाऊ शकतं. पोटाच्या ऑपरेशनात त्याच हवेनं जेमतेम ३६ टिकतं. म्हणून तापमान ऑपरेशनभर सतत दिसत राहायला हवं. हृदयामागे, अन्ननलिकेच्या खालच्या भागात सोडलेली बारीक तार सर्वात विश्वासाची. नाकामागची तारही चालते. छोट्या ऑपरेशनात काखेत नीट बसवलेली तार बाळांच्या बाबतीत ठीक काम देते. कपाळासमोर धरायचं जे यंत्र कोविडच्या काळात दारोदार दिसलं, ते कातडीचं तापमान सांगतं. थिएटरात त्यावर विसंबू नये.

तापमान बघण्याचं आणखी एक कारण आहे. काही घराण्यांत भुलीचे वायू किंवा सक्सिनिलकोलीन हे औषध दिल्यावर स्नायू एकदम पेटून उठल्यासारखे उष्णता करू लागतात. दुर्मिळ आहे, पण जिवावर बेतणारं आहे. कुटुंबात कुणाला भुलीत जोराचा ताप भरून त्रास झाला असेल किंवा कुणी त्यात दगावलं असेल, तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा.

नवजात बाळांचं आणखी एक अवघड टोक म्हणजे प्रवास. अन्ननलिका जुळलेली नाही, आतडी पोटाबाहेर आहेत, अशी बाळं धडगाव, मोखाडा, भामरागडसारख्या दुर्गम भागांतून लांबचा प्रवास करून मुंबई, पुणे, नाशिक, नागपूरला येतात. कित्येकदा बाळ सर्जनसमोर येतं तेच गार पडलेलं. गरम पेटी नसेल तर बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून धरायचं, डोक्याला टोपी, वरून पांघरूण. आईचं सिझेरियन झालेलं असेल तर बाप किंवा आजी धरू शकते. आतडी बाहेर असतील तर मात्र त्यांच्यावर दाब येऊ द्यायचा नाही. ती स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत झाकून, निघण्याआधी मोठ्या रुग्णालयाला फोन करून विचारायचं.

आईबाबांच्या हातात आणखीही काही आहे. उपाशी ठेवायला जितके तास सांगितले आहेत तितकेच ठेवा. बाळाच्या शरीराला ऊब करायला साखर लागते. सर्वसाधारणपणे अंगावरचं दूध ४ तास आधीपर्यंत आणि साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ तीच खरी. ओलं लंगोट किंवा डायपर आत नेताना बदला. आणि सरळ विचारा: "डॉक्टर, ऑपरेशन चालू असताना बाळाचं तापमान बघणार ना?" हा प्रश्न उद्धटपणाचा अजिबात नाही.

ऑपरेशननंतर रिकव्हरीत मूल कुडकुडताना दिसलं तर लगेच सिस्टरला सांगा. थरथर भुलीमुळेही येते, दुखण्यामुळेही येते, पण आधी तापमान बघायला हवं. ते ३६ च्या खाली असेल तर वॉर्डात न्यायची घाई नको, तिथेच गरम करून घ्यावं.

नवजात बाळ घरी आल्यावर पहिले काही दिवस साध्या डिजिटल थर्मामीटरनं काखेत, हात अंगाशी धरून, तापमान बघत जा. ३६.५ च्या खाली दिसलं तर कोरडं करून छातीशी धरा, पाजा आणि तासाभरानं परत मोजा. तरीही वर येत नसेल, किंवा बाळ दूध ओढत नसेल, सुस्त वाटत असेल, तर वाट न बघता रुग्णालयात न्या. इतक्या लहान बाळात जंतुसंसर्ग झाला की कित्येकदा ताप येत नाही, अंगच गार पडतं.